लुगड्यांची ‘कोडी’ म्हणजे किती?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: पणजोबांच्या कापडाच्या वहीत ‘लुगडी 3 कोडी, सुटी 7’ अशी नोंद सापडली. घरात कुणी म्हणतं कोडी म्हणजे कोटी, कुणी म्हणतं गठ्ठा. खरं काय?

कोडी म्हणजे वीस नग. तीन कोडी साठ, वर सात, अशी 67 लुगडी. पुरावा तुमच्या वहीतच आहे. तुम्ही धाडलेल्या पानांवर ‘सुटी’च्या पुढचा आकडा कुठेही 19 च्या वर जात नाही. विसावं लुगडं आलं की कोडी भरली. गठ्ठ्याला असा नेम नसतो, तो दहाचाही असतो नि पन्नासाचाही.

कोटी म्हणणारे मात्र अगदीच चुकलेले नाहीत. संस्कृतातल्या कोटीचं प्राकृतात कोडी झालं, आणि जुन्या मराठी काव्यात कोडी हा शब्द कोटी याच अर्थाने येतो. ओवी-अभंगात भेटली तर ती कोटी, कापडाच्या वहीत भेटली तर वीस. आणि शेजारी कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्या कानाला तिसरंच काही ऐकू येईल: तळं तुडुंब भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं तो सांडवा म्हणजे कन्नडातली ‘कोडी’. तो शब्द निराळा, त्याची सांगड इथे घालू नये.

ही विसाची कोडी दूरवर पसरलेली आहे. हिंदीत कोड़ी, बंगालीत कुड़ी म्हणजे वीसच. संथाळीसारख्या पूर्वेकडच्या आदिवासी भाषांतही वीसला असाच शब्द असल्याने तो मूळचा तिकडचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि मला ते पटतं. कापडाच्या व्यापारात पोर्तुगिजांनीही विसाच्या मोजणीला ‘कोर्जा’ म्हटलं. हातापायांची बोटं मोजून हिशेब संपवणाऱ्या माणसाला वीस हाच पुरा आकडा. आमच्या शहापुरात मागावर बसणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका वयसुद्धा ‘तीन विसा नि पाच’ असं सांगायच्या. हे ऐकलेली माणसं आता थोडीच उरली, म्हणून ते लिहून ठेवावंसं वाटतं.

कोडीसारखाच ‘गंडा’ही मागे पडला. गंडा म्हणजे चार, पाच गंड्यांची एक कोडी. आज गंडा म्हटलं की मंतरलेला दोरा, नाहीतर फसवणूक, एवढंच आठवतं. दोघांच्या जागी डझन आला, इंग्रजीतून, आणि आता बांगड्या, केळी, अंडी सगळं बाराने चालतं.

वहीत पुढे कागदाची खरेदी दिसली तर ‘दस्ता’ नीट वाचा. फारसीत दस्त म्हणजे हात, पण मोजणीत दस्ता 24 तावांचा. वीस दस्त्यांचं रीम, म्हणजे 480 ताव. हल्ली रीम 500 चं धरतात, तो हिशेब पणजोबांच्या वहीला लावू नका.