शाळेतल्या सरांना पत्र लिहिताना

इतक्या वर्षांनी लिहिलं तर सरांना विचित्र वाटेल, ही शंका आधी सोड. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: आभाराचं पत्र लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा ते वाचणाऱ्याला जास्त आनंद होतो आणि अवघडल्यासारखं कमी वाटतं.

‘तुमच्यामुळे मी घडलो’ एवढ्यावर मात्र थांबू नकोस. हे वाक्य त्यांनी प्रत्येक निरोप समारंभात ऐकलंय. एखादाच तास निवड. फळ्यावर तुझं प्रमेय अर्ध्यात अडकलं आणि सरांनी ते न पुसता खडू पुन्हा तुझ्याच हातात दिला, असं काहीतरी. आणि त्याचा आज तुला कुठे उपयोग होतो, तेही सांग. हे त्यांना तुझ्याशिवाय कोण सांगणार?

नाव, तुकडी, दहावीचं वर्ष सुरुवातीलाच टाक. त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली असतील! हुद्दा-पगाराचं पुराण नको. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९५७ मध्ये नोबेल मिळाल्यावर आपले शिक्षक लुई जर्मेन यांना लिहिलेलं पत्र अगदी छोटं आहे.

पत्ता नसेल तर शाळेच्या पत्त्यावर पाठव आणि पुढे पोचवायची विनंती कर. उत्तर आलं नाही, तर मागे लागू नकोस.