पहिली कादंबरी प्रकाशकाकडे पाठवण्याआधी पैसे देऊन संपादन करून घ्यावं का?

लगेच सगळ्या हस्तलिखिताचं नको. आधी एक-दोन प्रकरणं नमुन्यादाखल करून घ्या आणि मग ठरवा. मी कथा-कादंबऱ्यांचं संपादन करतो, त्यावरून सांगतो: 'संपादन' म्हणून पुष्कळदा नुसतं मुद्रितशोधन मिळतं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं. ते मजकूर पक्का झाल्यावर करायचं काम. आधी पाहायचं ते वेगळंच:

- निवेदक मध्येच बदलतो का
- मधली प्रकरणं रेंगाळतात का
- सगळी पात्रं एकाच पुणेरी बोलीत बोलतात का (हे तर फारच आढळतं)

संवादातली मालवणी किंवा वऱ्हाडी कुणी 'शुद्ध' करून परत दिली, तर त्यांना तिथूनच नमस्कार करा. दर शब्दावर की पानावर, किती फेऱ्या, आणि केलेले बदल वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये दिसणार का, हे लेखी ठरवा. मात्र चांगला प्रकाशक स्वीकारलेल्या पुस्तकाचं संपादन स्वतःच्या खर्चानं करतो, मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हेच काम करत. त्यामुळे हा खर्च मुख्यतः स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी धरावा.