पहिला ग्रुपसेट घेताय? आधी जुळणी बघ

मित्रा, ग्रुपसेट म्हणजे सायकलचे गिअर आणि ब्रेक यांच्या भागांचा संच. तो बनवणाऱ्या शिमानो आणि स्रॅम या कंपन्यांपैकी कोणती चांगली, या वादात आत्ताच पडू नकोस. गिअर दोन्हींचे छान पडतात. प्रश्न येतो तो एखादा भाग बदलताना. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) एका कंपनीचा आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) दुसरीचा लावलास तर बहुधा गिअर जागेवर बसत नाहीत, कारण एका क्लिकला केबल किती ओढली जाते हे प्रत्येकीचं वेगळं. एकाच कंपनीतही हे होतं बरं का! शिमानोचा १० स्पीड (म्हणजे मागे १० गिअरचा) रोड सायकलचा शिफ्टर त्यांच्याच १० स्पीड माउंटन सायकलच्या डिरेलरशी जुळत नाही. चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) मात्र वेगवेगळ्या कंपन्यांची असली, तरी स्पीड सारखी असेल तर ८ ते ११ स्पीडपर्यंत सहसा निभावतं.

तेलावर चालणारे ब्रेक असतील तर त्यांच्या तेलाला मात्र फार जप. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड हे वेगळ्या प्रकारचं ब्रेक तेल. अदलाबदल झाली की आतले सील खराब होतात, आणि ब्रेक हा जिवाचा मामला आहे.

या दोन कंपन्यांमधली स्पर्धा टिकली याचा मला मनापासून आनंद आहे. शिमानो १९२१ची, स्रॅम १९८७ची. पूर्ण सेट घेणाऱ्या सायकल कंपन्यांना शिमानो देत असलेल्या सवलतीविरुद्ध १९९०मध्ये छोटी स्रॅम कोर्टात गेली आणि पुढे तडजोड झाली. तू आधी तुझ्या मेकॅनिककडे कोणाचे सुटे भाग मिळतात ते विचार.