डाकोटा विमानाच्या इंजिनात पाणी नसायचं, तरी ते तापून बंद का पडत नसे?

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो आणि सत्तरच्या दशकातली काही वर्षं डाकोटा या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानावरच गेली. त्यामुळे हा प्रश्न पाहून राहवलं नाही.

तापायचं, पण जमिनीवर. म्हणून इंजिन चालवून बघायचं असलं की आम्ही विमानाचं नाक वाऱ्याकडे करून उभं करायचो. एकदा हवेत गेलं की समोरून येणारा वाराच त्याचं पाणी.

या इंजिनाचं नाव ट्विन वास्प, आर-१८३०, अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचं. १८३० म्हणजे घन इंच, साधारण ३० लिटर. लहान मोटारीचं इंजिन सव्वा लिटरच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. ताकद १२०० हॉर्सपॉवर. सिलिंडर १४, गोलाकार मांडलेले, सात पुढच्या चक्रात आणि सात मागच्या, म्हणून याला गोल इंजिन म्हणायचं. मागचे सिलिंडर पुढच्यांच्या फटींसमोर बसवलेले. प्रत्येकाच्या अंगावर मोटारसायकलच्या इंजिनासारखे पातळ फिन.

पण नुसत्या फिनांनी भागत नाही. वारा नेहमी मोकळी वाट शोधतो, सिलिंडरला न शिवता निसटून जातो. म्हणून सिलिंडरांच्या मध्ये वळवलेले पत्रे असतात, बॅफल. ते वाऱ्याला फिनांमधूनच जायला लावतात. वरून काउलिंगचं गोल आवरण, आणि त्याच्या मागच्या कडेला उघडमिट करणारे काउल फ्लॅप. जमिनीवर ते पूर्ण उघडे ठेवायचे, हवेत गरजेप्रमाणे मिटायचे. माझ्या मते या इंजिनाचं खरं मर्म त्या साध्या पत्र्यात आहे. एखादं बॅफल तडकलं की तेवढाच सिलिंडर तापायचा.

रेडिएटर नसण्याचा मोठा फायदा लढाईत. पाण्यावरच्या इंजिनाला रेडिएटरमध्ये एक गोळी पुरते, पाणी गळून गेलं की थोड्याच वेळात इंजिन जातं. गोल इंजिन एखादा सिलिंडर निकामी होऊनही पुष्कळदा घरी आणतं. लिबरेटर बॉम्बरला अशी चार इंजिनं होती, कॅटलिना या समुद्री विमानाला दोन, वाइल्डकॅट लढाऊ विमानाला एक. एकूण पावणेदोन लाखांच्या घरात बनली. आपल्याकडची लिबरेटर पुण्याच्या लोहगावहून १९६८ पर्यंत समुद्रावर टेहळणी करत होती.

एक खोड मात्र होती. इंजिन उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साठायचं. तेल दबत नाही, त्यामुळे तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. म्हणून सकाळी आधी प्रोपेलर हाताने फिरवायचा, एकेक पातं ओढत. मध्येच अडला तर जोर करायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही, कारण तेल हवा आत नेणाऱ्या इनटेक पाइपात जातं आणि सुरू करताना परत आत येतं. खालचे प्लग काढून तेल गळू द्यायचं. सिलिंडरला दोन प्रमाणे इंजिनाला २८ प्लग, विमानाला ५६. थंडीत बोटं बधिर व्हायची, पण हे काम मी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. सुरू होताना निघणारा निळा धूर त्याच उरलेल्या तेलाचा.

काश्मीरच्या युद्धात २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर शीख रेजिमेंटची पहिली पलटण उतरली ती डाकोटातून. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. धावपट्टी दहा हजार फुटांहून उंच, नुकतीच तयार केलेली, आणि वाटेतल्या डोंगरांवर हवा इतकी विरळ की विमानाच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडचं उड्डाण. तिथे इंजिनाला गिअरवर चालणारा सुपरचार्जर हवा दाबून देत होता, म्हणून ते श्वास घेऊ शकलं.

असं एक डाकोटा, परशुराम, दुरुस्त होऊन २०१८ साली हवाई दलात दाखल झालं. हवाई दल दिनाला ते उडताना दिसलं तर इंजिनाच्या आवाजाकडे कान द्या. जेटसारखी किंकाळी नाही, खाली छातीत जाणवणारी घरघर आहे.