पिशवी फिल्टर की स्वतः धुणारा? आधी पावसाळ्याचा हिशेब धरा
गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्लँटवर नवीन असाल तर पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या किमतीकडे पाहू नका, वर्षाचा खर्च मांडा. पावसात कच्चं पाणी लाल होतं, तेव्हा गाळ अडवणाऱ्या किती पिशव्या बदलाव्या लागतात ते वेगळं लिहा. मार्चचा आकडा वर्षभर गुणलात की फसलात. उदाहरणाला पिशवी 250 रुपयांची, रोज 4, दिवस 300 धरा: झाले 3 लाख. वर बदलीची मजुरी, लाइन बंद राहण्याचा वेळ आणि तेलकट पिशव्यांची घातक कचऱ्यातली विल्हेवाट.

स्वतः धुणाऱ्या, म्हणजे आतली जाळी आपोआप धुणाऱ्या फिल्टरचा खर्च लपलेला असतो: ड्रेन व्हॉल्व्ह, सील, फ्लशचं पाणी. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात साधारण 0.5 बार फरक पडला की तो फ्लश होतो, पण तेव्हा लाइनमध्ये 2 बारच्या आसपास दाब हवाच. पंप कमजोर असेल तर जाळी अर्धवट धुते, फरक उतरत नाही आणि व्हॉल्व्ह सारखा उघडत राहतो. वाळू-गाळाला, 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर, हाच घ्या. ग्रीस, चिकट शेवाळ किंवा 10 मायक्रॉनखालचं काम असेल तर पिशवीच बरी. मात्र पिशवीच्या तोंडाची, म्हणजे कॉलरची रिंग नीट बसली का, बोट फिरवून पाहा. तिथून पाणी निसटलं तर गेज छान दिसतं आणि गाळ पुढे जातो.