मी बारीक आहे, शुगर नॉर्मल आहे, तरी ट्रायग्लिसराइड 260 कसं? पुढं शुगर होईल का?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण 2019 पर्यंत मी पण हेच म्हणायचो. उंची पाच फूट सात, वजन 62, दिवसभर पॉवरलूमवर उभं राहून काम, मला कुठली आलीय चरबी? लॅबवाल्या पोरानं माझी ट्यूब उजेडाला धरून दाखवली, रक्त खाली बसलेलं आणि वरचं पिवळं पाणी जे स्वच्छ दिसायला पाहिजे ते ताकासारखं गढूळ. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 386, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल 31, उपाशीपोटी शुगर 108.

आमचे दाजी म्हणाले तेल-तूप बंद करा, शेंगाचटणी बंद. केलं की ओ! तीन महिने कडक भाकरी नुसत्या आमटीत कुस्करून खाल्ली आणि आकडा 350. कारण दिवसाला आठ कप गोड चहा आणि दोन्ही वेळेला ताटभर भात चालूच होता, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. जास्तीच्या साखरेची लिव्हर चरबी करतं आणि रक्तात सोडतं, त्यात इन्सुलिनला शरीर दाद देईना झालं की पेशींतली साठवलेली चरबी पण सुटून लिव्हरकडंच येते. शुगर नॉर्मल दिसते कारण स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून ती दाबून धरतंय. म्हणून बऱ्याचदा ट्रायग्लिसराइड आधी बोंबलतं, शुगर मागून येते. येईलच असं नाही, पण एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, करून घ्याच.

आणि वजनकाट्यावर जाऊ नका. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा फोटो 2004 ला लॅन्सेटमध्ये आलाय, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन दोघांचा 22.3, अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! माझी पॅन्ट 32 ची, पण बायकोनं शिलाईच्या टेपनं बेंबीवर मोजलं तर 36 इंच भरलं. आपल्या पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या आत पाहिजे.

चहातली साखर बंद, भात एक वाटी, जेवल्यावर सिद्धेश्वर तलावाला चक्कर, पाच महिन्यांत 168. शेंगाचटणी परत सुरू केली तरी वाढलं नाही. दाजी अजून म्हणतात तेल सोडल्याचाच गुण आला. नाही दाजी, रिपोर्ट तारखेसकट ठेवलेत मी.

हां, थायरॉईड, दारू, काही गोळ्या यांनी पण वाढतं, ते डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि 500 च्या वर गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. माझे वडील 50 किलोचे होते. बारीक माणसाला शुगर होत नाही म्हणून घरात कोणी तपासलंच नाही, कळलं ते पायाची जखम भरेना तेव्हा.