सातपुड्यातल्या लाजाळू वाघाचा नीट फोटो कसा मिळेल? मोठी लेन्स घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरहून मढईला (सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचं एक प्रवेशद्वार) जाऊन तीन सफारी केल्या, वाघ दोनदा दिसला, आणि कार्डात आली ती एक शेपूट आणि पुष्कळ गवत. म्हणून आता ६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायचा विचार आहे.

नका घेऊ, इतक्यात तरी. मीही इंदूरचाच, माझी १००-४०० च आहे. माझे पहिले चाळीस फोटो अगदी असेच होते: गवताचं पातं न् पातं स्पष्ट आणि त्यामागे पिवळा धूर. तो धूर म्हणजे वाघ. कॅमेऱ्याने जवळचं गवत धरलं होतं. इलाज फुकटचा आहे. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. याचा सराव इंदुरातच, नवलख्याच्या प्राणीसंग्रहालयात करा. पिंजऱ्याची जाळी गवतासारखीच फोकस ओढून घेते. जाळीपलीकडचा डोळा पकडता आला की गवतापलीकडचाही येतो. हलत्या गोष्टींसाठी सिरपूर तलावावरची बदकं आहेत.

आता खरी अडचण. बांधवगडचे बछडे लहानपणापासून जिप्सी (सफारीच्या उघड्या गाड्या) बघत वाढतात, गाडीसमोर खुशाल आडवे होतात. सातपुड्यात डोंगर, दऱ्या, दाट साग, आणि गाड्या कमी. तिथल्या वाघाला आपली सवय नाही. २०२२ च्या गणनेत मध्यप्रदेशात ७८५ वाघ निघाले, पण मढईची देनवा नदी ओलांडून पलीकडे जंगलात गेल्यावर त्या आकड्याचा काही उपयोग नसतो.

अशा वाघाच्या मागे धावलात की शेपूटच मिळणार. कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर हरणं-वानरं देतात ती इशाऱ्याची हाक, ऐकू आला की सगळे ड्रायव्हरला म्हणतात, ‘चलो चलो’. मी म्हणतो, ‘भैया, बंद करो.’ इंजिन बंद झालं की दोन फायदे: कॅमेरा थरथरत नाही, आणि ऐकू येतं. चितळं भित्री, कशालाही ओरडतात. सांबराने ‘पोंक’ केलं तर मात्र कान टवकारा, ते उगाच बोलत नाही. झाडावर वानर ओरडत असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते पाहा, वाघ त्या बाजूला असतो. आणि कॉल एकाच जागी येतोय की सरकतोय? सरकत असेल तर वाघ चालतोय. मग तो कुठल्या नाल्याकडे किंवा पाणवठ्याकडे निघालाय हे गाइडला विचारा. ते त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं.

बहुतेक जण इथे चुकतात. गाडी थेट त्याच्या वाटेवर नेऊन उभी करतात. लाजाळू वाघ गाडी बघतो आणि झाडीतूनच मागे वळतो. तो रस्ता ओलांडेल असं वाटतं तिथून शंभर पावलं अलीकडे थांबायचं, ओलांडायची जागा मोकळी सोडायची. फोटोत वाघ लहान येईल, पण तोंडाकडून येईल.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही असे पन्नास मिनिटं थांबलो. वाघापेक्षा जिप्सीतल्या माणसांना सांभाळणं कठीण गेलं. इंदुरी माणूस सकाळी पोह्यांशिवाय पन्नास मिनिटं गप्प बसणं हा वेगळाच वन्यजीव विषय आहे. आमच्या काकूंनी विसाव्या मिनिटाला शेवेचं पाकीट काढलं, ते कुरकुरलं, आणि पुढे चरणाऱ्या चितळांनी एकदम माना वर केल्या. तेव्हापासून आम्ही खाऊ डब्यातच नेतो. सांबराचे कॉल मधेच थांबले, मागची गाडी कंटाळून निघून गेली. दहा मिनिटांनी वाघ सागाच्या बुंध्यामागून आला, थांबला, आमच्याकडे पाहिलं, रस्ता ओलांडून गेला. चार-पाच सेकंद. कॉल थांबले की वाघ गेला असं लोक धरून चालतात. पुष्कळदा तो नुसता बसलेला असतो.

त्या चार-पाच सेकंदांत सेटिंग शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून आधीच लावून ठेवा. पहाटे शटरचा वेग निदान १/५०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० पर्यंत मोकळा सोडा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. झाडीत अंधार असला की वाघाचे पांढरे गाल फोटोत जळून जातात, म्हणजे नुसते पांढरे ठिपके उरतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं खाली ओढा. लेन्स टेकायला तांदळाची पिशवी शिवून घ्या. (मी एकदा पोहे भरून पाहिले. चपटे होतात.)

पुढची खेप एप्रिल-मेमध्ये करा. पाणी थोड्याच जागी उरतं, वाघ तिथे येतो. ऑक्टोबरात गेट उघडल्या उघडल्या गेलात तर गवत पुरुषभर आणि पाणी सगळीकडे. एका दिवसात दोन सफारी करण्यापेक्षा दोन-तीन दिवस त्याच भागात सकाळच्या घ्या, जमल्यास तोच गाइड मागा. आणि तिकीट काढताना वार बघा, बुधवारी दुपारची सफारी बंद असते. आम्ही एकदा सहा-सात तास गाडी हाकून नेमके बुधवारी दुपारी पोहोचलो होतो.